रांगोळीतली खूण

सर, काल मोबाइलवर पुरुषांचं बर्फावरचं स्केटिंग बघत होतो आणि मध्येच मोठ्याने म्हणालो, "हे सरांना दाखवायला हवं होतं." बायकोने चमकून माझ्याकडे पाहिलं. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी स्केटिंगमधलं काही सांगण्यासारखं सापडलं की माझं तोंड आधी तुमच्याकडेच वळतं.

मध्यंतरी त्यांच्यात नियमच असा होता, की हवेत चार फेरे पुरे करून माणूस आपटला, तरी तीन फेरे मारून सुरेख उतरणाऱ्यापेक्षा त्याला जास्त गुण पडायचे. मग काय, जो तो चार फेऱ्यांच्या मागे! धडाधड पडत होते आणि पदकंही नेत होते. तुम्ही कपाळावर हात मारला असता. पुढे चौथ्या फेऱ्याचे गुण उतरवले, सफाईचे वाढवले. पण तेव्हाही आणि आताही, फेरा कमी भरला की पंच उडी पडद्यावर संथ करून बघतात आणि गुण कापतात. चोरलेल्या फेऱ्याला माफी नाही.

तुमच्याकडे पडदा नव्हता, रांगोळी होती. अजून डोळ्यांपुढे दिसतं: कारखान्यातली पहिली पाळी संपवून, दांडी गावातल्या घरी न जाता तुम्ही थेट बोईसरच्या आमच्या वसाहतीत येता. सिमेंटच्या मैदानावर रांगोळीची पूड पसरता. मी चाकांच्या स्केटवरून उडी मारतो आणि तुम्ही उकिडवे बसून चाकं कुठे टेकली ते बघता. "रांगोली खोटं नाय बोलत," म्हणता.

मला दोन फेऱ्यांची उडी हवी होती. आमच्या स्पर्धेत पडलं की सगळंच गेलं, म्हणून तुम्ही दटावायचात, "आदी एक फेरा नीट उतर. पडून कोन मोटा नाय झाला." मी हट्टाला पेटलेलो. जिल्ह्याच्या निवडीआधी अखेर म्हणालात, "आज पुरा फिरलास तर निवडीला ही उडी ठेवू." मी उडी घेतली आणि नेमकी तेव्हाच फाटकावरून कुणीतरी तुम्हाला हाक मारली. मी पडलो. तुम्ही परत आलात. "पुरा झाला?"

"झाला, सर."

रांगोळी विस्कटलेली होती. तुम्ही जरा वेळ तिच्याकडे बघत राहिलात. मग माझ्या चाकांच्या बेअरिंग्ज रॉकेलमध्ये धुतल्यात, पुसून पुन्हा बसवून दिल्यात.

निवडीत त्याच उडीवर आपटलो आणि संघातली जागा गेली. बाबा सगळ्यांदेखत तुमच्यावर ओरडले, की एका फेऱ्यावर माझा पोरगा सहज निवडला गेला असता. तुम्ही खाली बघत म्हणालात, "चूक माजी हाय. मीच ठेवायला सांगितली." मी दोन हात अंतरावर उभा होतो. वाकून स्केटच्या नाड्या सोडत राहिलो. दुसऱ्या दिवसापासून मैदानावर आलोच नाही. तुम्ही गेलात तेही मला उशिरा कळलं.

आता रविवारी त्याच मैदानावर मी मुलांना शिकवतो. रांगोळी पसरताना तुमची फार आठवण येते, सर. नियम बदलत राहिले आणि प्रत्येक वेळी मी मनात तुमच्याशी भांडलो, की बघा, पडलो तरी उडी मोठी होती. खरं तर अर्धा फेरा कमी होता. खूण स्पष्ट उमटली होती. तुम्ही वळायच्या आत मी ती तळहाताने पुसली.

हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकू? एवढंच विचारायचं होतं. बेअरिंग्ज बसवलेले स्केट परत घ्यायला मी हात पुढे केला, तेव्हा तो पांढरा होता. तुम्ही पाहिला होतात ना?