गैरहजेरीतून हायस्कूल

ता. ४ जानेवारी १९१०, मंगळवार. सकाळी ६.

आजपासून रोजनिशी. रोज पहाटे पाचला उठून लिहायची. आज सहा वाजले, पण थंडी फार आहे. ही वही कोणी वाचणार नाही, त्यामुळे खरे तेच लिहिणार.

काल तात्यासाहेबांनी बोलावले. विद्याखात्याच्या कचेरीत ते माझे वरिष्ठ. एक फाइल दिली. छाणीच्या पुढे वेलपुरा, सामरडी आणि मोटी खाखर अशी तीन गुजराती गावे आहेत. तिन्हींत मिळून एक नवे हायस्कूल काढायचे. गावांनी ३१ जुलैच्या आत हजार रुपये उभे केले तर बाकीचा खर्च सरकारचा. नाही केले तर फाइल बंद. कचेरीत सगळ्यांचे मत असे, की खेड्यांना हायस्कूल परवडत नाही.

तात्यासाहेब म्हणाले, रघुनाथराव, बघा काही जमते का. म्हणताना त्यांनी चष्मा काढून पुसला. अर्थ उघड आहे. हायस्कूल झाले की हेडमास्तर मी. अकरा वर्षे खेड्यांतल्या शाळा तपासतो आहे. तीनदा बढती हुकली. आता दुसरे आहे कोण?

घरात सांगितले. कुसुमावतीने (तोंडाने नाव घेत नाही, वहीत हरकत नाही) विचारले, हेडमास्तर करतो असे तात्यासाहेब म्हणाले का. म्हटले, काही गोष्टी बोलून दाखवायच्या नसतात.

ता. १७ जानेवारी, सोमवार.

तेरा दिवस लिहिले नाही. कारण काम.

तिन्ही गावे फिरलो. प्रतिसाद उत्तम. वेलपुऱ्याचे जेठाभाई पटेल मोठे सज्जन. बाजरीचा रोटला, वांग्याचा ओळो म्हणजे भरीत, वर लोण्याचा गोळा. मी हायस्कूलची गोष्ट काढली तर म्हणाले, "साहेब, निशाळ तो सारी. पण पैसा क्यांथी लाववा?" निशाळ म्हणजे शाळा. पैसा कुठून आणायचा ते मी पाऊण तास समजावले. शेवटी म्हणाले, "थई रहेशे, साहेब. दूध पीओ." होऊन जाईल, म्हणजे होकारच. सामरडीच्या आणि खाखरच्या पटेलांनीही दूध दिले.

वर्गणी जाहीर करायला पंधरा दिवसांची मुदत दिली. पैसे ठेवायला मोठी पिशवी शिवायला टाकली.

ता. १ फेब्रुवारी, मंगळवार.

वर्गणी आली. वेलपुरा अकरा रुपये. सामरडी सहा. खाखरहून एक पोते भुईमुगाच्या शेंगा, त्या निम्म्या किडक्या. सतरा रुपये आल्या पावली परत केले. अपमान म्हणून नव्हे, पावतीपुस्तक छापून आले नव्हते म्हणून.

तीन गावांनी तीन वेळा पोटभर जेवू घातले आणि ऐन वेळी तोंड फिरवले. माणसाने विश्वास ठेवावा तरी कोणावर?

ता. ५ फेब्रुवारी, शनिवार. रात्री.

सापडले. लगेच नोंद करतो.

सक्तीच्या शिक्षणाचा कायदा झाल्यापासून मूल शाळेत गेले नाही की बापाला महिना एक रुपया दंड. हा दंड त्या त्या भागातल्या शिक्षणावरच खर्च करायचा असतो. आज पिलाजीरावाकडे, म्हणजे तालुक्याच्या कचेरीतल्या आमच्या कारकुनाकडे, सहज दंडाची वही चाळली. या तीन गावांचे चारशे रुपये साठून पडले आहेत. शिवाय महिन्याला सरासरी शंभर येतात. फेब्रुवारी ते जुलै सहा महिने. सहाशे आणि चारशे, हजार.

तीन गावांना हायस्कूल परवडते. फक्त हे त्यांना ठाऊक नाही.

वर्गणीची कटकट नाही, कोणाच्या पाया पडणे नाही. फक्त मुले आत्तासारखीच गैरहजर राहिली पाहिजेत. पिलाजीरावाला मिठी मारली. तो घाबरला.

ता. ६ फेब्रुवारी, रविवार.

कुसुमावतीला सारी स्कीम समजावून सांगितली. तिने भाजी चिरता चिरता विचारले, मुले गावच्या शाळेत गेलीच नाहीत तर हायस्कूलात कोण बसणार. म्हटले, तो प्रश्न इमारतीनंतरचा. बायकांना टप्प्याटप्प्याने विचार करायची सवय नसते.

ता. २ मार्च, बुधवार.

फेब्रुवारीचा दंड एकशे चार. चार रुपये जास्तीच.

वेलपुऱ्याच्या शाळेचे इन्स्पेक्शन केले. पटावर ऐंशी, हजर एकोणतीस. हरगोवन मास्तर रडकुंडीला आलेला. घरोघर फिरतो, हात जोडतो, कोणी पोर पाठवत नाही म्हणाला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हटले, मास्तर, इतके फिरू नका, प्रकृती सांभाळा. पूर्वी अशा हजेरीबद्दल मी त्याला फैलावर घेत असे. आता माझ्यात समजूतदारपणा आला आहे. शेरा लिहिला : "समाधानकारक."

परतताना रायजीला मुद्दाम भेटलो. त्याची चार पोरे, चारही म्हशींमागे. दर महिन्याला चार रुपये बिनबोभाट भरतो, कारण गुराखी ठेवायचा तर सहा पडतात. सरळ हिशेबाचा माणूस. स्कीमचा आधारस्तंभ. त्याच्या म्हशींची चौकशी केली.

ता. ३ एप्रिल, रविवार.

मार्चचा दंड एकशे अकरा. गव्हाची कापणी आमच्या मदतीला धावून आली. सामरडीत एके दिवशी फक्त मास्तर हजर होता.

काळा लांब कोट शिवायला टाकला. हेडमास्तराला लागतोच. शिंपी म्हणाला, पोटाकडे सैल ठेवू का. दुसरा शिंपी पाहिला पाहिजे.

ता. २४ एप्रिल, रविवार.

आज जेठाभाईंना विश्वासात घेतले. इतक्या मायेने वाढले, की लपवून ठेवणे बरे वाटेना. सांगितले, तुमच्या गावचा दंड सर्वांत जास्त, तेव्हा हायस्कूल वेलपुऱ्यातच. पण हे तुमच्या माझ्यात. ते बराच वेळ विड्यावर चुना लावत बसले. मग म्हणाले, म्हणजे आमची पोरे शाळेत जात नाहीत म्हणून आम्हाला शाळा मिळणार? म्हटले, बरोबर ओळखलेत. फार हुशार माणूस.

सामरडीच्या पटेलांना हेच गेल्या आठवड्यात सांगितले होते, आणि खाखरच्या पटेलांना त्याच्या आदल्या आठवड्यात. प्रत्येकाला त्याच्याच गावचे नाव. यात खोटे काही नाही. प्रत्येकाचा उत्साह टिकवणे हे माझे काम आहे.

ता. २ मे, सोमवार.

एप्रिलचे अठ्ठ्याण्णव. एकूण सातशे तेरा. तीन महिने आणि दोनशे सत्त्याऐंशी रुपये राहिले. झोपेतही जमतील.

पहाटे धूमकेतू दिसतो म्हणतात. पाचला उठून पाहायचा आहे. उद्या.

ता. २० मे, शुक्रवार.

काहीतरी बिघडले आहे. पिलाजीराव म्हणतो, या पंधरवड्यात दंडाची एकही नवी नोंद नाही. महिन्याचे मिळून एकतीस होतील, तेही मागची बाकी. धूमकेतूमुळे असेल. लोक घाबरून घरात बसले असतील. पण घरात बसले तर गैरहजेरी वाढायला हवी. उद्या जाऊन बघतो.

ता. २१ मे, शनिवार.

दगा.

वेलपुऱ्याच्या शाळेत गेलो. पटावर ऐंशी, हजर त्र्याण्णव. ओसरी भरली, पायऱ्या भरल्या, चिंचेखाली एक तुकडी. एकाच्या अंगावर कांजिण्या, त्याला वेगळे झाडाखाली बसवलेले. एक चार वर्षांचा आईच्या नावाने रडत पाटी चाटत होता. दारात जेठाभाई स्वतः काठी घेऊन उभे. मला पाहून हसले. "आवो साहेब, जुओ, बधां हाजर छे."

हरगोवन मास्तराने सगळे सांगितले. तो आनंदाने बोलत होता, हे विशेष. चार तारखेला खाखरला लग्न होते. तिन्ही गावचे पटेल एकाच पंगतीला. सामरडीच्या पटेलांनी मोठेपणाने सांगितले, की हायस्कूल आमच्याकडे येणार, साहेबांनी शब्द दिला आहे. दुसरे म्हणाले आमच्याकडे. तिसरे म्हणाले आमच्याकडे. लाडू पानातच राहिले. आमच्या दंडाने दुसऱ्याच्या गावात शाळा होऊ द्यायची नाही, असे ज्याने त्याने तिथेच ठरवले. दुसऱ्या दिवशी पोरे मोजून शाळेत.

हे फोडले कोणी? मी प्रत्येकाला बजावले होते, की कोणाला सांगू नका. पिलाजीरावाचा संशय येतो.

ता. ११ जून, शनिवार.

रायजीकडे गेलो. वाटले होते, सगळे फिरले तरी हा फिरणार नाही. म्हशी एक म्हातारा राखत होता. रायजी म्हणाला, साहेब, चारही पोरे निशाळेत. मी विचारले, गुराखी परवडतो का. तो म्हणाला, नाही परवडत. पण झाले असे, की थोरल्या मुलीने, जीवीने, दंडाची जुनी पावती वाचून दाखवली. "नाम रायजी, कारण बेदरकारी." आजवर त्याला वाटायचे, हा म्हशींवरचा कर आहे. मुलीच्या तोंडून ऐकून त्याला लाज वाटली.

महिन्याभराच्या शिक्षणाने आधारस्तंभ कोसळला. मी त्याला म्हटले, एक पोर तरी घरी ठेव. त्याने माझ्याकडे असे पाहिले, की मी म्हशींची चौकशी न करताच निघालो.

ता. २ जुलै, शनिवार.

जूनचे चार रुपये. एकूण सातशे अठ्ठेचाळीस.

हरगोवनला सुचवले, की उशिरा येणाऱ्यांना गैरहजर धरावे. तो नाही म्हणाला. पेंगणाऱ्यांना धरावे. नाही म्हणाला. पेरणीची आठ दिवस सुट्टी द्या, म्हणजे मुलांची सवय सुटेल. तो म्हणाला, साहेब, अकरा वर्षे तुम्ही मला हजेरीवरून बोलत आलात. आता हजेरी आहे. त्याच्या डोळ्यांत पाणी होते. माणूस हळवा, पण निष्ठा शून्य.

ता. २३ जुलै, शनिवार.

दंड : शून्य. हजेरीचे असे टक्के सबंध राज्यात कुठे नसतील. तात्यासाहेबांनी माझे अभिनंदन केले. त्यांना वाटते, हे मी केले. मी नको म्हणालो नाही, पण घशाखाली उतरले नाही.

कुसुमावती म्हणाली, इतकी मुले शिकू लागली, चांगलेच झाले की. तीसुद्धा त्यांच्यातलीच. जेवलो नाही. नंतर थोडा भात खाल्ला.

ता. ३१ जुलै, रविवार.

मुदत संपली. दोनशे बावन्न रुपये कमी. "सदर गावांना हायस्कूल परवडत नाही" असा रिपोर्ट लिहून ठेवला. सात महिने मी या लोकांसाठी जिवाचे रान केले. त्यांनी मला एक साधी गैरहजेरी दिली नाही.

ता. १ ऑगस्ट, सोमवार.

रिपोर्ट घेऊन तात्यासाहेबांकडे गेलो. तिथे पिलाजीराव बसलेला. शनिवारी तिन्ही पटेल एकाच बैलगाडीतून तालुक्याला आले आणि दोनशे बावन्न रुपये रोख भरून गेले. पोरांचा दंड वाचला, तो दिला म्हणाले. अर्जही दिला : हायस्कूल कोणाच्याच गावात नको, तिन्ही शिवा मिळतात तिथे तळ्याच्या काठी हवे. खाली तिघांच्या सह्या. ही गावे गेली तीस वर्षे चराईच्या कुरणावरून कोर्टात आहेत.

पिलाजीरावाला विचारले, मला का सांगितले नाही. तो म्हणाला, त्यांनीच सांगितले होते, साहेबांना कळू देऊ नका, ते पुन्हा काहीतरी जमवतील.

मंजुरी झाली. मी उभाच होतो. शेवटी हेडमास्तरच्या जागेचे विचारले. तात्यासाहेबांना अर्थच कळेना. म्हणाले, तिथे बी. ए. लागतो, फाइलच्या दुसऱ्या पानावर आहे. तुम्ही मॅट्रिक ना? मग त्यांनी चष्मा काढून पुसला. चष्म्यावर धूळ होती.

ता. १४ ऑक्टोबर, शुक्रवार.

अडीच महिने लिहिले नाही. कारण काही नाही.

आज तळ्याकाठी पाया खणायला सुरुवात झाली. सरकारी हुकूम म्हणून गेलो. नवा हेडमास्तर पाहिला. सव्वीस वर्षांचा, नम्र. मला वाकून नमस्कार केला, त्यामुळे त्याच्यावर रागावताही येईना. हरगोवन मास्तर सातवी पास झालेली अठरा मुले रांगेने घेऊन आला होता. तिन्ही गावचे लोक एका जाजमावर. मी मागे बसलो. जेठाभाईंनी पाहिले, हाताला धरून पुढे नेले, आपल्याशेजारी बसवले.

मी त्यांना म्हटले, तुम्ही मला फसवलेत. पाच महिने आतल्या आत घोळवत होतो, आज बोललो. त्यांनी मान हलवली, नाही म्हणाले नाहीत. मग अगदी हळू, शेजाऱ्यालाही ऐकू जाणार नाही असे, म्हणाले, "साचुं कहो साहेब, तमे निशाळ क्यां बांधवाना हता?"

खरेच, शाळा कुठे बांधणार होतो? मी उत्तर द्यायला तोंड उघडले. वेलपुरा म्हणणार होतो. मग सामरडी आठवले. मग खाखर. आणि ध्यानात आले, की मी हे कधी ठरवलेच नव्हते. खुर्ची कोणत्या भिंतीला लावायची ते ठरले होते. खिडकी डाव्या हाताला. पण ती भिंत कोणत्या गावात, हा विचार मनात आलाच नव्हता.

ते कचेरी ठरवते, असे मी म्हणालो.

 जेठाभाईंनी माझ्यासाठी पाणी मागवले.