स्कॉटलंडचे तीन नकाशे आणि डबल बेल

जळगाव,
९ फेब्रुवारी

तीर्थस्वरूप रत्नाफुई यांना रोहिणीचा वाकून नमस्कार.

आम्ही तिघे ठीक आहोत. तुमचा डावा गुडघा कसा आहे ते कळवा. (आबा उजवा म्हणतात, आई डावा म्हणते. दिवाळीत मी स्वतः तेल लावले होते, डावाच.) पिंपळनेरची थंडी उतरली असेल, म्हैस व्यायली असेल. हे सगळे फोनवर विचारता आले असते, पण तुम्ही फोन स्पीकरवर टाकून ओट्यावर ठेवता आणि माझ्या प्रश्नांची उत्तरे समोरच्या सुंदरबाई देतात. विषय तुमच्या धाकट्या भावाचा, म्हणजे आमच्या आबांचा आहे, म्हणून पत्र. मी अजून धक्क्यातून बाहेर आलेले नाही, तेव्हा क्रमानेच लिहिते.

मे महिन्यात आम्ही स्कॉटलंडला जाणार, तिथे भाड्याने गाडी घेणार आणि ती आबा चालवणार, हे तुम्हाला माहीत आहेच. कारणही माहीत असेल. डेपोतल्या विश्रांतीच्या खोलीत एक जुने कॅलेंडर होते. त्यावर तळ्याकाठून डोंगरात शिरणारा रस्ता होता आणि रस्त्यावर एकही वाहन नव्हते. आबांनी एकतीस वर्षे धुळे-पिंपळनेर एसटी चालवली आणि एकतीस वर्षे डबा खाताना तो रस्ता पुढे कुठे जातो याचा विचार केला. निवृत्तीला त्यांनी शालीऐवजी ते कॅलेंडर मागून घेतले. चित्रातल्या डोंगराच्या कडेच्या आकारावरून ती स्कॉटलंडमधली जागा मी दोन दिवसांत शोधली. (नकाशे करण्याच्याच कंपनीत मी नोकरी करते. त्यात विशेष काही नाही.) आबांनी फक्त "बरं" म्हटले आणि दुसऱ्या दिवशी परदेशी चालणाऱ्या लायसनचा अर्ज भरून आणला.

मोबाइलला डोंगरात रेंज नसते, म्हणून मी कागदी नकाशे मागवले. एक, ज्यात एक सेंटिमीटर म्हणजे दोन किलोमीटर. दुसरा, ज्यात पाच. आणि तिसरे जाडजूड रस्तेपुस्तक. अकरा निकषांचा तक्ता करून गुणही दिले. आबांनी तिन्ही नकाशे बाजेवर पसरले, चष्मा लावला, पंधरा मिनिटे पाहिले आणि चष्मा काढला. म्हणाले, पहिल्यात चहाचा थांबा नाही. दुसऱ्यात इतक्या लाल रेघा की हे रस्ते नसून कुणाला तरी गोवर आलेला आहे. पुस्तकात रस्ता पानाच्या कडेला संपतो आणि पुढचा सत्तेचाळिसाव्या पानावर. म्हणजे मी घाट अर्ध्यात सोडून पान शोधू? मग म्हणाले की नकाशा पसंत करणे हे त्यांचे कामच नाही, ते रुपचंदला विचार.

रुपचंदकाका म्हणजे बावीस वर्षे आबांच्या गाडीवर असलेले कंडक्टर, हे तुम्हाला सांगायला नको. ते धुळ्याहून पहिल्या गाडीने आले, माझा तक्ता वाचला आणि चहा पीत म्हणाले, "नकाशा हाई कंडक्टरनं काम शे. डायवरनी फक्त समोर देखानं."

मी विचारले, "आणि मी?"

"तू त पॅसेंजर शे, बेटा."

मी नकाशे करायला सहा वर्षे शिकले आहे, फुई.

मग मी रंगीत तालीम ठरवली. धुळे-पिंपळनेर रस्त्यावर उपयोग नव्हता, कारण तिथले खड्डे आबांना नावाने ओळखतात. म्हणून यावलच्या पलीकडे, सातपुड्याच्या पायथ्याशी, जिथे आबांची ड्यूटी कधीच लागली नाही. गाडी आपलीच. डावीकडे नकाशा घेऊन मी, मागे रुपचंदकाका आणि आई. (आई यावल येईपर्यंत झोपली होती. तिच्या मते सगळे रस्ते सारखेच असतात.)

पहिला धक्का घराच्या दारातच बसला. आबांनी गाडी सुरू केली, पहिला गिअर टाकला आणि बसून राहिले. मी म्हटले, निघा. ते म्हणाले, "हां." गाडी जागची हलली नाही. मी घड्याळ पाहिले: दोन मिनिटे दहा सेकंद. मग मागून रुपचंदकाकांनी बोटाच्या पेराने दारावर दोनदा वाजवले, टक टक, आणि गाडी निघाली. आबांच्या चेहऱ्यावर काहीही नव्हते. एक टोला म्हणजे थांब, दोन म्हणजे निघ, तीन म्हणजे गाडी भरली, आता मध्ये थांबू नको. एकतीस वर्षांत कंडक्टरने डबल बेल दिल्याशिवाय या माणसाने लांबच्या रस्त्यावर गाडी हलवलेली नाही. बाजारात, दवाखान्यात ते जातात. पण बॅगा टाकून लांब निघालो की ती त्यांच्या लेखी ड्यूटी. लांब आम्ही नेहमी एसटीनेच गेलो, म्हणून हे मला कधी दिसले नाही आणि सत्तावीस वर्षे कुणी सांगितलेही नाही. आईला माहीत होते. तिला वाटले, मला माहीत असेल.

दुसरा धक्का यावलनंतर. मी म्हटले, चारशे मीटरवर डावीकडे. आबांनी गाडी बाजूला घेऊन थांबवली. "मीटर काय रस्तावर दिसस का? काय दिसस ते सांग." मला दोन्ही बाजूंना केळी दिसत होत्या. मी तसे सांगितले. मागून हसण्याचा आवाज आला.

तरीही आम्ही डावीकडे वळलो, कारण नकाशात तिथे स्वच्छ पिवळा रस्ता होता. (हा नकाशा आमच्या ऑफिसात तयार झालेला आहे.) दोनशे मीटरवर कळले की तो रस्ता नसून कालव्याची पाटचारी आहे, पाणी सोडलेली, आणि आपण तिच्या मातीच्या बांधावर आहोत. बांधाची रुंदी दोन मीटर दहा. आपल्या गाडीची एक मीटर सत्तर. आबांनी मान न वळवता विचारले, "हाऊच का तो पिवळा?"

गाडी मागे घ्यायची होती. मी उतरले आणि अचूक सांगत गेले: अजून तीन मीटर, अडीच, थोडे उजवीकडे, दहा अंश. आबा मीटरचे काय करायचे याचा विचार करत असताना मागचे चाक केळीच्या बागेत उतरले. तेव्हा रुपचंदकाका सावकाश खाली आले, मला हाताने बाजूला केले आणि गाडीच्या पाठीवर थापा मारू लागले. "येऊ दे, येऊ दे, येऊ दे... बस!" आकडा एकही नाही. चार मिनिटांत गाडी डांबरी रस्त्यावर होती. ज्याने कुणी ती पाटचारी रस्ता म्हणून काढली, त्याच्या निष्काळजीपणाविरुद्ध मी ऑफिसला चार पानी तक्रार लिहिली आहे.

तिसरा धक्का परतीच्या वाटेवर बसला. आबांनी रुपचंदकाकांना विचारले, स्वेटर घेतला का. तेव्हा उघड झाले की ते येणार असे आबा धरूनच चालले होते; ड्यूटी लागली म्हणजे कंडक्टर असणारच. तिकिटे तीनच आहेत. चौथे काढते म्हटले, तर काकांच्या मुलीचे, सारिकाचे, बाळंतपण नेमके त्याच आठवड्यात. आबांनी गाडी घरी आणली. चप्पल काढताना म्हणाले, "मंग रद्द कर." कॅलेंडर भिंतीवरून उतरवून त्यांनी गुंडाळीही केली.

रुपचंदकाका मात्र परत गेले नाहीत. चार दिवस ते आमच्याकडे राहिले आणि दोन किलोमीटरवाल्या नकाशावरून त्यांनी स्कॉटलंडचा टप्प्यांचा तक्ता केला, एसटीच्या भाडेतक्त्यासारखा, देवनागरीत. इनव्हर्नेस. दगडी चर्च, तळे डावीकडे. उलापूल. (पूल किती जुना, असे त्यांनी विचारले. तिथे पूल नाही, हे त्यांना पटलेले नाही.) खुणा मी संगणकावरच्या फोटोंतून वाचून दाखवल्या आणि मैलांचे किलोमीटर करून दिले, माझा सहभाग एवढाच. नकाशाची निवडही झाली: दोन किलोमीटरवाला, कारण घडी केल्यावर तो काकांच्या जुन्या तिकिटांच्या पेटीत बसतो. हा माझ्या अकरा निकषांत नव्हता. तक्ता आणि पेटी काकांनी जाताना माझ्या हातात दिली, आबांच्या नाही.

बाकी क्षेम. घरातल्या वडीलधाऱ्यांना नमस्कार, रेडकाला माझ्यातर्फे गूळ.

तुमची,
रोहिणी

ता. क. आबांनी भंगारवाल्याकडून आणलेली एसटीची पितळी घंटी तुमच्या खळ्याच्या दाराला टांगलेली आहे. तुम्ही ती वाजवून शेतातल्या माणसांना जेवायला बोलावता, हे मला माहीत आहे. तरी ती मे अखेरपर्यंत मला हवी आहे. दोरीसकट पाठवा. तोवर थाळी वाजवता येईल.

ता. क. २. माझ्या तक्रारीवर चौकशी झाली. नकाशाच्या कोपऱ्यात तयार करणाऱ्याची आद्याक्षरे असतात. ती माझी आहेत. उत्तर द्यायला तक्रार माझ्याच टेबलावर आली. मी चूक मान्य केली. आबांनी ती अक्षरे बांधावरच वाचली होती, असे आई म्हणते.

ता. क. ३. काल जेवताना माझ्याकडून चमचा सहज पेल्यावर दोनदा वाजला. आबा वरणभात कालवत होते, त्यांनी वरही पाहिले नाही. पण टेबलाखाली त्यांचा डावा पाय क्लच सोडतात तसा हळूहळू वर आला. घंटी लवकर पाठवा.