पहिला काटा मांजरीचा

प्रिय आत्या,

आधी खाली बस. उभ्याउभ्या ऐकलंस तर मागाहून मलाच बोल लावशील, ही काय सांगायची पद्धत झाली म्हणून. राणीसाहेब गेल्या गं. काल संध्याकाळच्या मराठी बातम्यांत सांगितलं. आपल्या संस्थानच्या राणीसाहेब, वय झालं होतं, राजवाड्यातच गेल्या.

म्हणून लिहितोय. तुला जाऊन दोन वर्षं होत आली, पण मुद्दाम कळवावं असं काही घडलंच नव्हतं. माझं लग्न झालं, ते तुझ्या फोटोला सांगून झालंय. बाबांनी, म्हणजे तुझ्या धाकट्या भावाने, कवळी बसवली आणि ती दिवसभर खिशात ठेवतात. मुलुंडात पाण्याची बोंब आहे तशीच आहे. पण ही बातमी तुला दुसऱ्या कोणाकडून कळायला नको होती. आणि खरं सांगू? मला काळजी वाटली. राणीसाहेब आता तिकडेच यायला निघाल्यात आणि तू दारात जाऊन उभी राहणार. तुझा स्वभाव मला काय माहीत नाही!

जन्मभर एकच वाक्य ऐकवलंस आम्हाला. "राणीसायब माका वळखतत." दूधवाला, पोस्टमन, गच्चीवर पापड वाळत घालणाऱ्या बायका, कोणाला म्हणून सोडलं नाहीस. तुझी आई राजवाड्याच्या मुदपाकखान्यात वाटण वाटायला होती. राणीसाहेब नवी नवरी होऊन आल्या त्या घाटावरून. मासा म्हणजे काय, तो पाण्यात असतो एवढंच त्यांना ठाऊक. सासरी रोज ताटात बांगडा, आणि नवी सूनबाई काट्याला घाबरून नुसता भात गिळायची. मग तू, परकर नेसलेली शेंबडी पोरगी, मागच्या पडवीत बसून त्यांना काटे काढायला शिकवलंस. अशी तुझी गोष्ट!

आमचा विश्वास होता असं नाही हं. बाबा तर म्हणायचे, ताई मोठी होत जाईल तसा तो बांगडाही मोठा होत जातोय, आता सुरमईएवढा झालाय.

पण आमच्या न मानण्याचं तुला काही नव्हतं. तुझं खरं दुखणं खालच्या मजल्यावर राहत होतं. तळेकर काकू! त्याही आपल्याच संस्थानातल्या, त्यांचे वडील राजवाड्याच्या बँडात. "मी लहानपणी रोज जायचे हो राजवाड्यावर, तुम्हाला कधी बघितलं नाही ते," असं त्या चारचौघांत म्हणायच्या. तू म्हणायचीस, "बँडवाले फाटकाभायर वाजवीत, चुलीकडे कोण येता ता तेंका काय ठाऊक!" मग दोन दिवस जिन्यात बोलणं बंद.

आणि मग आपल्याकडे टीव्ही आला. लाकडी दारांचा, ब्लॅक अँड व्हाइट. रविवार सकाळच्या मालिकेत तो राजा यायचा, अख्खी बिल्डिंग हात जोडायची, आणि तू एकटी भिंतीला टेकून नाक मुरडायचीस. "ह्यो खंयचो राजा? ह्येका धड बसाक येना नाय. राजा कधी पाय हलवता?" लोक भक्तिभावाने बघतायत आणि तू राजाच्या मांडीवरून भांडतेयस! पण पुढे मीही तो राजा बघताना त्याचे पायच बघायला लागलो. तू आमची मालिका कायमची नासवलीस, हे आज सांगून टाकतो.

तर तो दिवस. बायकांच्या कार्यक्रमात राणीसाहेबांची मुलाखत आहे हे पेपरात आलं आणि तू अशी लगबग सुरू केलीस की जणू त्या टीव्हीतून नाही, जिन्याने वर येणार आहेत. टीव्हीवरचा क्रोशाचा रुमाल धुऊन स्टार्च केला. प्लॅस्टिकची फुलं काढून खरी अबोली ठेवली. मी मरोळहून कामावरून येतो तर दारात ही चपलांची रास, आणि आत खाट उभी करून भिंतीला लावलेली, खुर्च्या गॅलरीत. सगळे जमिनीवर. मी सवयीने स्टुलावर टेकलो.

"खाली बस रे मेल्या! राणीसायबांपेक्षा उंच बसतंस?"

"आत्या, टीव्ही टेबलावर आहे. मी स्टुलावर बसलो तरी त्याच वर आहेत!"

"तोंड वर करून बोलतंस? खाली!"

बसलो. मग तू नियम सांगितलेस. पान-सुपारी नाही. पाय टीव्हीकडे करायचे नाहीत. बायकांनी पदर डोक्यावर घ्यायचा. आणि शेवटचा, सगळ्यात मोठा: कार्यक्रम संपला की उठून कोणी पाठ दाखवायची नाही. राजवाड्यात कोणी पाठ दाखवून जात नाही. जायचं ते मागे सरत सरत, तोंड समोर ठेवून. तळेकर काका हळूच मला म्हणाले, "आपल्याला काय रे, कुठे सासऱ्यांचा बँड दिसतो का ते बघायला आलोय."

सुरू झालं. राजवाड्याचं जेवणाचं दालन, चांदीचं ताट, आणि राणीसाहेब. तू जमिनीला हात लावून मुजरा केलास. आणि नेमका तेव्हाच आपला टीव्ही चळला. राणीसाहेब खालून वर, खालून वर फिरायला लागल्या. आपल्या टीव्हीला त्यावर एकच औषध होतं, डोक्यावर एक सणसणीत चापट. बाबांनी नेहमीप्रमाणे हात उगारला.

"कोणाच्या डोक्यार मारतंस? राणीसायबांच्या?"

बाबांचा हात वरच राहिला. आणि आत्या, त्यानंतर आम्ही जे काय बघितलं त्याला मुलाखत म्हणायची का? मुकुट नाही, चेहरा नाही, नुसती एक पांढरी लाट वर चढतेय आणि आवाज येतोय! कोणी मागचं बटण पिळा म्हणालं, तू म्हणालीस, पाठीमागून जाऊ नका. कोणी अँटेना हलवा म्हणालं, तू म्हणालीस, डोक्यावर चढू नका. पोरं फिदीफिदी हसतायत. मला तर हसू दाबताना उचकी लागली.

तेवढ्यात मुलाखत घेणारीने विचारलं, "आपण घाटावरच्या. मग मासे खायला कोणी शिकवलं?"

तुझे ओठ हलत होते. मी तुझ्या शेजारी बसलो होतो, मला दिसलं.

राणीसाहेबांचा आवाज आला. गोड, सावकाश. "आमच्या सासूबाईंनी शिकवलं."

तळेकर काकूंनी फक्त पदर सारखा केला. पण तो असा सारखा केला की मला त्यांचा राग आला. तू समोर बघत राहिलीस. तुझा चेहरा असा झाला, जसा देवळातून परत येऊन चपला नसल्या की होतो. जन्मभराची एक तर गोष्ट होती तुझ्याकडे! नवरा गेला, मूल झालं नाही, भावाच्या संसारात भाकऱ्या थापत राहिलीस, आणि स्वतःचं म्हणावं असं ते एक वाक्य होतं. सगळ्या बिल्डिंगसमोर गेलं की गं ते. मला वाटलं, आता वीज जावी. नको तेव्हा जाते, आज का जात नाही?

मुलाखतीची बाई म्हणाली, "चला, जेवण वाढलंय, आपण जेवता जेवता बोलू." आणि तू उठलीस. गुडघ्यावर हात ठेवून, सावकाश. पदर डोक्यावरून पुढे ओढलास, टीव्हीसमोर जाऊन हात जोडलेस.

"सरकार, चुकी पदरात घ्या. टीव्ही घरचोच असा."

आणि दिलीस ठेवून! अशी चापट बाबांच्या सात जन्मांत जमली नसती. अबोली उडून माझ्या मांडीवर पडली. चित्र थरथरलं आणि स्थिर झालं. स्वच्छ. चांदीचं ताट, ताटात बांगडा, राणीसाहेबांचा हात. शेपटीकडून सुरुवात करून त्यांनी मधला काटा अलगद सोडवला, त्यातला एक मोडून घेतला, आणि तो ताटाबाहेर, शुभ्र टेबलक्लॉथवर ठेवला.

मुलाखतीची बाई गोंधळली. "काही लागलं का आपल्याला?"

"नाही, नाही," राणीसाहेब हसल्या. "सवय."

आत्या, आपल्या घरात तरी वेगळं काय असतं गं? पहिला काटा ताटाबाहेर. तू आम्हाला लहानपणापासून शिकवलंस, "पयलो काटो मांजरीचो," मग बाकीचे घशात अडकत नाहीत. घरात मांजर नाही, बिल्डिंगमध्ये मांजर नाही, तरी पहिला काटा फरशीवर! आई फरशी पुसून पुसून वैतागायची. आपल्याकडे जेवलेल्या प्रत्येकाने यावरून आपली टिंगल केली होती. तळेकर काकूंनी सगळ्यात जास्त. दुसऱ्या कोणाच्या घरी असं कोणी करत नाही, हे त्यांच्याएवढं कोणाला ठाऊक होतं?

त्यांनी टीव्हीकडे बघितलं, मग तुझ्याकडे. पुन्हा टीव्हीकडे. मग सावकाश डोक्यावरून घसरलेला पदर परत वर घेतला.

आणि तू? अगं, तुझ्या जागी मी असतो तर गच्चीवर जाऊन थाळी वाजवली असती. तू कार्यक्रम संपेपर्यंत हात जोडून बसलीस आणि मग म्हणालीस, "चला, उठा. पाठ दाखवू नकात."

आणि सगळे निघाले मागे मागे. तळेकर काकू सगळ्यांच्या पुढे, म्हणजे सगळ्यांच्या मागे. काकांचं लक्ष त्यांच्या चपलांवर, आणि दाराशी पाण्याची भरलेली बादली. बसले ना बादलीत! पण शाबास त्यांची, तोंड टीव्हीकडेच ठेवलं. चौघांनी ओढून काढलं तरी पाठ दाखवली नाही.

रात्री भांडी घासताना मी तुला विचारलं, "आत्या, सासूबाईंनी शिकवलं असं का म्हणाल्या त्या?"

"मगे काय म्हणतली? राजवाड्याची सून टीव्हीर सांगतली, माका वाटणवालीच्या चेडवान जेवूक शिकवल्यान? सासूचो मान सासूक. माझो माका गावलो."

मग इकडेतिकडे बघून, हळूच: "ता मांजरीचा मी खोटाच सांगलेलंय. माका माझ्या मांजरीक घालूक काटे होये होते."

म्हणजे एका शेंबड्या पोरीने आपल्या मांजरीसाठी थाप मारली, आणि एक राणी ती पन्नास वर्षं पाळत राहिली! मी तिथेच मोरीत बसून हसलो. तूही हसलीस, पण डोळे पुसत होतीस.

आता तुझ्यावरचा राग सांगतो. न सांगता गेलीस. दुपारी पडलीस ती उठलीच नाहीस, असं करतात का? स्मशानात सगळं आटोपलं आणि गावचे आप्पाकाका म्हणाले, "आता सरळ चालू लागा. मागे वळून कोणी बघायचं नाही." मी थिजलो. सरळ चालू लागावं तर तुला पाठ दाखवावी लागते, आणि तुझा नियम तर पक्का. शेवटी तुझ्याकडे तोंड करून मागे मागे सरकत निघालो.

"अरे इलास, काय चाललंय? मागे बघायचं नाही!"

"वळून बघायचं नाही म्हणालात ना काका? मी वळलोच नाही."

आप्पाकाका काही म्हणणार तेवढ्यात बाबाही वळले माझ्यासारखे. मग तळेकर काका. आम्ही तिघे मागे मागे चालत फाटकापर्यंत आलो आणि तिथे काका लाकडांच्या हातगाडीवर बसले. नेम चुकत नाही त्यांचा. स्मशानात हसलो गं आम्ही, रडता रडता. तू नक्की बघत असशील.

काल बातम्यांत राणीसाहेबांचं तेच जुनं चित्र दाखवलं, क्षणभर. चांदीचं ताट, तो हात. तळेकर काकू धापा टाकत वर आल्या, "लावलाय का, लावलाय का" करत, आणि कोणी न सांगता जमिनीवर बसल्या. खूप रडल्या. म्हणाल्या, "तुझी आत्या असती तर..." आणि पदर डोळ्यांना लावला.

तर ऐक. राणीसाहेब येतील तेव्हा पुढे पुढे करू नकोस. "माका वळखलात?" असं विचारू नकोस. नुसतं ताट ठेव, बांगडा वाढ, आणि बाजूला बस. पहिला काटा कुठे ठेवतात, तेवढं बघ.

इकडचं माझ्यावर सोड. तुझी नवी सून, सुनंदा, साताऱ्याची आहे. महिनाभर आमच्याकडे नुसता भात खातेय आणि भूक नाही म्हणतेय. तिला बांगडा मीच शिकवीन, उद्यापासून. पहिला काटा मांजरीचा, मग बाकीचे अडकत नाहीत, असं देवाशपथ खरं सांगीन. आणि त्या मांजरीची खरी गोष्ट तिला जन्मात कळू देणार नाही, हे तुला वचन.

तुझ्याकडे तोंड करूनच,
तुझा इलास