दूतावासातून आलेला माणूस

राजलक्ष्मीअक्का, धाकट्याचा नमस्कार.

इथल्या तुरुंगात मी बरा आहे. भात मिळतो, आपल्या सारूची, त्या आंबट-तिखट रस्समची, चव मात्र विसरलो. अण्णांचा गुडघा कसा आहे?

मंगळवारी एकजण भेटायला आला. भारतीय दूतावासातून आलोय, मूळचा आपल्याच येलहंक्याचा, म्हणाला. तिथल्या स्टेशनवरून घरी कसे जाता, असं मी विचारलं, तर घड्याळ बघू लागला. मग इथल्या भाषेतला कागद पुढे केला. "स्वल्प, जरा सही करा, लगेच सोडतील." मी दुभाषा मागितला, तर त्याने कागद घडी करून खिशात घातला.

उद्या, ज्यासाठी मला धरलंय ती गोदामाची आग मीच लावली, असा माझ्या सहीचा कबुलीजबाब घरी आला, तर खरा मानू नकोस. हे पत्र सुटून जाणाऱ्या एका मलयाळी माणसाकडे देतोय. अक्षर तू ओळखशीलच. सही मी इथे कशावरच करत नाही, म्हणून या पत्राखालीही नाही.