नंबर लागलता

संघमित्राचे बाबा,

भात अन् वरण झाकून ठेवलं हाय. मी उकव्याले दादाकडे चालली, उद्या संध्याकाळच्या बसनं येईन.

विवेकच्या स्कॉलरशिपचा फॉर्म भराले सकाळी ऑनलाइनवाल्याकडे गेलती. तो म्हणे, "काकी, दीदी का तो नर्सिंग में नंबर लगा था. काका ने ही मना किया." मी त्याच्यासमोर हसली. मले माहीतच हाय असं दाखवलं.

दोघायले शिकवणं आपल्याच्यानं होत नाही, हे मलेबी समजते. तुमी विचारलं असतं तर मीबी कदाचित विवेकचंच नाव घेतलं असतं. त्याची शरम मले जन्मभर राहील. पण पोरीले तुमी सांगितलं का तिचा नंबरच लागला नाही. ती रडली, तवा पाठीवरून हात फिरवून "मार्क कमी पडले, बेटा" म्हणाले. तवापासून ती दिवसभर दुकानात साड्यायच्या घड्या करते, अन् जेवण झालं का जुनी पुस्तकं काढून आपलं कुठं चुकलं ते शोधत बसते.

पाच वाजता ती येईल. विवेक होस्टेलात, घरात तुमी दोघंच राहाल, म्हणूनच मी चालली. तिले खरं सांगा. पैसा नव्हता म्हणाल तर ऐकून घेईल, लहानपणापासून तेच ऐकत आली. पण ती ढ नव्हती, हे तुमच्याच तोंडून निघालं पाह्यजे.

रुख्मा