डबीतला कागद

मात्सुमोतो,
१२ नोव्हेंबर १९८६

चि. रित्सुस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

आठवतं का, ओसरीवर बसून आपण वाळवणाची पर्सिमनं सोलायचो? तू एकसंध लांब साल काढायचीस, मी देठांना दोरी बांधायची, आणि तुझं बेसूर गाणं ऐकून आई कोठीतून ओरडायची की, अगं बास, आंबायला ठेवलेला मिसो नासेल! यंदा एकटीनेच चाळीस फळं टांगली. खाणार कोण, ते विचारू नकोस.

चोवीस तारखेला माझ्या पोटाचं ऑपरेशन आहे. डॉक्टर फारच हसून बोलतात, म्हणून काळजी वाटते. त्याआधी सदतीस वर्षं राहून गेलेली एक गोष्ट सांगते.

तू क्षयाने अंथरुणाला खिळलीस, त्या हिवाळ्यात मामाने योकोहामाहून स्ट्रेप्टोमायसिनची अमेरिकी डबी आणली. आत इंग्रजी कागद होता. गावच्या डॉक्टरांनाही औषध नवं, आणि घरात इंग्रजी येणारी मी एकटी, नन्सच्या शाळेत शिकलेली. आई परक्या औषधाला घाबरत होती. मी शब्दकोश घेतला, औषधाच्या नावाचे तुकडे केले आणि अर्थ सांगितला: पीळ असलेली बुरशी, मातीत सापडलेली. आईचा चेहराच उजळला. तीन पिढ्या सोयाबीनला बुरशी लावून मिसो करणारं आपलं घर. ती म्हणाली, बुरशी म्हणजे घरचंच माणूस, टोचा खुशाल.

पण नावाखाली वापराच्या सूचना होत्या. त्यात होतं की या औषधाने कान जाऊ शकतात. कानात आवाज येऊ लागले तर लगेच कळवावं. ती ओळ मी मनात वाचली आणि कागदाची घडी घातली. आई नको म्हणाली असती, तर तू वसंत पाहिला नसतास, असं मला वाटलं. शाळेतल्या सिस्टर म्हणायच्या, अर्धंच वाचून दाखवणं हेही खोटंच. मार्चमध्ये बर्फ वितळून पागोळ्या गळू लागल्या, आणि तू विचारलंस की यंदा त्या आवाज का करत नाहीत.

रागावलीस तर उत्तर पाठवू नकोस. समजेन मी.

लोभ मागायचं तोंड नाही. आशीर्वाद मात्र आहेतच.
तुझी,
किनुताई


कानाझावा,
१५ नोव्हेंबर

ती. किनुताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचताना रंगवायला घेतलेल्या रेशमावर माझ्या हातून चहा सांडला. आता एका नवरीच्या किमोनोवरच्या बगळ्याचे पाय तपकिरी आहेत. तुझ्यामुळे.

ताई, तो कागद तू शब्दकोशात ठेवला होतास, 'एस'च्या पानांत. तू कोठीत गेलीस की मी शब्दकोश पांघरुणात ओढून घ्यायची. तुझ्यासारखं इंग्रजी मला कुठलं! तीन दिवस लागले. कानाचा शब्द मात्र पहिल्याच दिवशी सापडला. फेब्रुवारीत, भर बर्फात, कानात रातकिडे ओरडू लागले तेव्हा ते कुठून आले हे मला ठाऊक होतं. डॉक्टर रोज विचारायचे की काही त्रास होतो का. मी सांगायची, भूक लागते. सतराची होते मी, मला जगायचं होतं. कान माझे होते, मीच दिले.

मग इतकी वर्षं बोलले का नाही? तुझ्या पत्रांपायी. इथे लोक मला हात हलवून बोलावतात, कामाचं तेवढं पाटीवर लिहितात. गप्पा कोण लिहितं? शेजारणीची मांजर व्याली, मुळ्याच्या पानांचं लोणचं यंदा आंबट झालं, हे फक्त तू लिहितेस, दर पंधरवड्याला, न चुकता. मला वाटायचं, ही पत्रं त्या ओळीपोटीच येतात. ओळ पुसली तर पोस्टमन यायचा थांबेल. म्हणून सदतीस वर्षं तुला अपराधी राहू दिलं. आता माफी कुणी कुणाची मागायची ते तूच ठरव, मोठी आहेस.

ऑपरेशनला मी येते आहे. नको म्हणालीस तरी मला ऐकू येणार नाही.

लोभ आहे तेवढा पुरे, वाढवायला जागा उरलेली नाही.
तुझी,
रित्सु


मात्सुमोतो,
१९ नोव्हेंबर

चि. रित्सुस,
अ. उ. आ.

बगळ्याच्या पायांनी इतकं हसवलं की टाके पडायच्या आधीच पोट दुखलं. वेडे, अपराधी माणूस मांजरीच्या बाळंतपणाबद्दल लिहितं का? तुला लिहायला बसले नाही तर या घरात दिवसभर कुणाशी शब्द होत नाही. पोस्टमन यायचा थांबेल ही भीती मलाही होती. तुझं उत्तर यायला चार दिवस जास्त लागले तर मी फाटकाशी जाऊन उभी राहायची.

तू येशील तेव्हा मी दवाखान्यात असेन, म्हणून सांगून ठेवते. किल्ली शेजारच्या होरिउचीबाईंकडे आहे. पर्सिमनं अजून तुरट आहेत, डिसेंबर अर्धा सरेपर्यंत हात लावू नकोस. वाळली की अर्धी बाईंना दे, मांजर त्यांचीच. बुरशी लावायच्या लाकडी ताटल्या पुलापलीकडच्या मिसोवाल्यांना, त्यांची कोठी अजून चालू आहे. शब्दकोश तुला. कागद त्यातच आहे, 'एस'च्या पानांत. आईच्या फोटोसमोर तो एकदा पुरता वाचून दाखव, मला धीर होत नाही.

टेबलावरचा कोऱ्या पोस्टकार्डांचा गठ्ठा सापडला नाही तर शोधत बसू नकोस. सगळ्यांवर तुझा पत्ता घालून झाला आहे. ती कुणालाच द्यायची नाहीत, मी बरोबर दवाखान्यात नेते आहे.

किनुताई