पहिली फेरी

तीर्थरूप आईस,

पायांवर डोकं ठेवते. तब्येत ठणठणीत आहे, जेवण वेळेवर होतं, आणि आज माझे पाय जमिनीवर नाहीत!

ज्याच्याशी लग्न नको म्हणतेस, त्या तुझ्या 'नास्तिका'ची गोष्ट ऐक. काल आम्ही दोघं एका दवाखान्याची लिफ्ट दुरुस्त करत होतो. तिचा पोलादी दोर झिजला होता. आमचे मालक तसबिरीला हात जोडून म्हणाले, "करा चालू. देव आहे पाठीशी, काही होत नाही."

आमच्या धंद्यात रीत आहे, दुरुस्तीनंतर पहिली फेरी आपणच मारायची. यानं दार उघडून धरलं. "मालक, आज पहिली फेरी तुमची."

मालकांचं पाऊल दारातच अडलं. मी तिथल्या तिथे मेन स्विच बंद केला. नोकरी जाते की काय असं वाटलं होतं, पण संध्याकाळी नवा दोर आला! मग आम्ही तिघंही वरपर्यंत जाऊन आलो. मी देवाचं नाव घेतलं, हा दोराच्या आवाजाकडे कान लावून होता.

तू विचारतेस ना, देवाला भीत नाही तो कशाला भिणार? मी विचारलं त्याला. म्हणाला, "खाली काठी टेकून लिफ्टची वाट बघतात ना, त्यांना."

गुडघा कसा आहे? आपल्या बिल्डिंगची लिफ्ट तपासायला तो सुट्टीत येणार आहे. तू खुशाल हात जोड, तो जोडणार नाही. पण तुझ्याआधी तोच चढेल.

तुझी,
जिंकलेली लेक